वर्षाला तेरा रिचार्ज कशाला? : मोबाइल खर्चाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी मोबाइलच्या खर्चाबद्दलचे पाच प्रश्न घेतले आहेत. जिथे दर दिले आहेत तिथे ते कधीचे हेही लिहिलं आहे. रिचार्ज करण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपवर आजचा दर जरूर पाहा.

घरात चार सिम आहेत. सगळ्यांना रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन मारतो. घरी वायफायही आहे. खर्च कुठे कमी होईल? (साताऱ्याहून)

आधी एका सिमचा वर्षाचा हिशेब करू. २८ दिवसांची मुदत म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना झाला. त्या दराने एका सिमचे ३,८८७ रुपये आणि चार सिमचे साडेपंधरा हजारांवर. दिवसाला एका सिममागे १० रुपये ६८ पैसे.

आता प्रत्येकाच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्कच्या भागात ‘डेटा वापर’ शोधा आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचे मोबाइल डेटाचे आकडे कागदावर लिहून काढा. वायफायचा वापर वेगळा दाखवलेला असतो, तो यात धरू नका. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. घरी वायफाय असलेल्या माणसाचा आकडा बऱ्याचदा आठ-दहा जीबीच्या आतच निघतो. उरलेला डेटा रोज रात्री बाराला संपतो, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. अशा माणसाला रोजच्या कोट्याऐवजी संपूर्ण मुदतीसाठी एकत्र डेटा देणारा प्लॅन स्वस्त पडतो. रविवारी प्रवासात तीन जीबी आणि एरवी शून्य, असा वापर असेल तरी एकत्र डेटाच बरा. रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि मग नकाशासुद्धा धड उघडत नाही.

आई-वडील फक्त फोनवर बोलत असतील तर त्यांना डेटाचा प्लॅन मारूच नका. ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं भाग पाडलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. जानेवारी २०२५मध्ये हे पॅक बाजारात आले, त्या महिनाअखेरचे दर बघा. एअरटेल ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये. जिओ ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८ रुपये. वर्षभराच्या पॅकमध्ये १,७४८चा आकडा शंभर रुपयांनी कमी दिसतो, पण मुदत २९ दिवस कमी आहे. दिवसाचा दर काढला तर तो ५ रुपये २० पैसे येतो आणि १,८४९च्या पॅकचा ५ रुपये ७ पैसे. म्हणून आकडा नव्हे, दिवसाचा दर पाहायचा: किंमत भागिले दिवस, एवढंच गणित आहे.

या पॅकवर मोबाइल डेटा सेटिंगमधून बंद ठेवा, नाहीतर खात्यात टॉपअपचे पैसे असतील तर त्यातून कापले जाऊ शकतात. बँकेचे ओटीपी एसएमएसने येतात, त्याला डेटा लागत नाही. घराबाहेर पैसे पाठवायची वेळ आलीच तर बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# डायल करून यूपीआयचा व्यवहार इंटरनेटशिवाय होऊ शकतो.

चौघांत एखादा कॉलेजला जाणारा असेल, त्याच्याकडे ५जी फोन असेल आणि तुमच्या भागात ५जी नीट चालत असेल, तर त्या एकाचाच प्लॅन मोठा ठेवा. जुलै २०२४पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. बाहेर गेल्यावर बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर काम भागवू शकतात.

दुसरं सिम फक्त बँकेसाठी ठेवलं आहे. रिचार्ज न करता ते किती दिवस जिवंत राहतं? (नागपूरहून)

ट्रायच्या नियमानुसार सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा हे सगळं वापरात धरलं जातं. ९० दिवस उलटल्यावर खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर कंपनी २० रुपयांपर्यंत रक्कम कापून नंबर आणखी ३० दिवस राखते आणि शिल्लक आहे तोवर हे असंच चालू राहतं. शिल्लक नसेल तर बंद झाल्यावर परत चालू करून घ्यायला १५ दिवस मिळतात.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक, २० रुपयांच्या टॉपअपमधून कर आणि शुल्क वजा होऊन खात्यात १४ रुपये ९५ पैसेच जमा होतात, म्हणजे २० भरतच नाहीत. ५०चा टॉपअप मारला तर ३९ रुपये ३७ पैसे मिळतात. दुसरं जास्त महत्त्वाचं. नंबर राखला गेला म्हणजे इनकमिंग चालू राहिलं असं नाही. पॅक संपल्यावर काही दिवसांनी इनकमिंग एसएमएसही थांबतात, आणि मग ओटीपी येत नाही. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे संदेश त्याच्या हातात पडतात. त्यामुळे आमचं स्पष्ट मत असं की बँक, आधार आणि गॅसचा नंबर मुख्य सिमवर बदलून घ्यावा आणि मगच दुसरं सिम सोडावं. ते ठेवायचंच असेल तर लांब मुदतीचा कॉलचा पॅक मारावा.

गावात आमच्या कंपनीची रेंज नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना काय सांभाळायचं? (फोंड्याहून, गोवा)

पोर्ट करण्याआधी ज्या कंपनीत जायचं तिचं सिम एखाद्या शेजाऱ्याकडून घेऊन तुमच्या फोनमध्ये, तुमच्या स्वयंपाकघरात आणि माजघरात चालवून बघा. गावात रेंज आहे आणि तुमच्या घरात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आता कव्हरेजचे नकाशेही असतात, पण ते घराच्या भिंतींचा विचार करत नाहीत.

मग इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा एसएमएस १९००ला पाठवा. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा संदेश जाऊ द्यायचा असा ट्रायचा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) येतो आणि सर्कलच्या आत पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई वेगळं सर्कल आहे, तिथला नंबर असेल तर पाच धरा.

कोड नाकारला गेला तर बहुतेक वेळा कारण यांतलं एक असतं: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलं आहे, किंवा नंबरची मालकी बदलण्याचा अर्ज अडकला आहे. जुन्या कंपनीतली उरलेली मुदत आणि शिल्लक पुढे येत नाही, म्हणून पॅक संपत आला की अर्ज करा. नवं सिम चालू झाल्यावर यूपीआय अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागू शकतं, त्या दिवशी खिशात थोडी रोख असू द्या.

१८ हजारांचा फोन नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ की जुना घेऊ? (कोल्हापूरहून)

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. सहा महिने, १५ टक्के व्याज धरलं तर हप्ता तीन हजार आणि त्यात व्याज साधारण ७६२ रुपये. त्यावर जीएसटी १३७, शिवाय १९९ रुपये शुल्क असेल तर करासह २३५. म्हणजे ३७२ रुपये जास्त. रक्कम मोठी नाही, पण रोखीने किंवा साध्या कार्ड व्यवहारावर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळते का, हे विचारून मगच ठरवा.

नवा घेताना किमतीइतकंच अपडेट किती वर्षं मिळणार हे पाहा. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचं वचन दिलं आहे. हा काळ फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, म्हणून दोन वर्षं जुन्या मॉडेलवरची सूट तितकी मोठी नसते.

जुना घेत असाल तर पैसे देण्याआधी, दुकानातच उभं राहून, *#०६# डायल करा. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो बिलावरच्या नंबराशी जुळवा. मग इंग्रजीत ‘केवायएम’, जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ला पाठवा. उत्तरात काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन घेऊ नका, तो कितीही स्वस्त असो. त्यानंतर विक्रेत्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढून फोन रीसेट करायला लावा. खातं न काढता रीसेट केलेला फोन चालू होताना जुना पासवर्ड मागतो आणि तिथेच अडतो. हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर कर्ज फेडल्याचा पुरावा मागा, कारण हप्ते थकल्यावर फायनान्स कंपन्यांनी फोन दुरून कुलूपबंद केल्याचे प्रकार घडले आहेत. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावून हिरवी किंवा गुलाबी रेघ दिसते का पाहा, चार्जर लावून बघा, आणि आपलं सिम घालून एक कॉल करा. ५जी हवं असेल तर लक्षात ठेवा की जिओचं ५जी स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, त्याला न जुळणारे सुरुवातीचे काही ५जी फोन त्यावर चालत नाहीत.

तीन वर्षांचा फोन दुपारीच बंद पडतो. नवाच घ्यावा का? (बीडहून)

बाकी सगळं ठीक असेल तर बॅटरी बदला. कंपनीच्या सेवा केंद्राचा दर आधी फोनवर विचारून घ्या. बाहेर बदलत असाल तर बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का कळतं. मागचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर चार्जिंग आजच थांबवा, फोन उशाजवळ ठेवू नका. बॅटरी बदलूनही फोन मंद चालत असेल तर साठवण भरली आहे का बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं की साठवणही वाचते आणि वर साताऱ्याच्या उत्तरात सांगितलेला डेटाही.