व्याकरण येतं, पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी सहज येत नाही. काय करावं?

सुटे शब्द पाठ करणं थांबवा आणि रोजच्या प्रसंगांतली आख्खी वाक्यं उचलून मोठ्यानं म्हणायला लागा. मी मोठ्या माणसांना इंग्रजी संभाषण शिकवते. बहुतेकांचं अडतं ते इथेच: मनात आधी मराठी वाक्य जुळवायचं, मग काळ तपासायचा, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. 'कुड यू से दॅट अगेन?', 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?', 'लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू' ही वाक्यं जिभेवर बसली की जुळवाजुळव करावीच लागत नाही.

ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचं '६ मिनिट इंग्लिश' घ्या, त्याची संहिताही मिळते. सगळा भाग नको, एकच मिनिट निवडा. ऐका, थांबवा, त्याच चालीत म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळाशी ताडून बघा. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे भराभर बोलताना 'व्हॉटर यू गोना डू' होतं. छोटे शब्द जवळजवळ गिळले जातात आणि जोर महत्त्वाच्या शब्दावर पडतो. हे कानाला सवयीचं झालं नाही तर साधं वाक्यसुद्धा परकं वाटतं, आणि पुस्तकातून ही सवय लागत नाही.

फक्त एक, एकट्यानं केलेल्या सरावानं उच्चार आणि ओघ सुधारतो, अनपेक्षित प्रश्नाला उत्तर देणं नाही. त्यासाठी न हसता ऐकून घेणारा कुणीतरी जोडीदार सुरुवातीपासूनच शोधा.