लेक सुपीरियरचे गोटे: अ‍ॅप राहू द्या, आधी बादली रिकामी करा

बादलीचा फोटो बघून पोटात गोळाच आला. सुट्टीत आईबाबांना घेऊन अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा उत्तर भाग फिरलात, ग्रँड मरे, किवीनॉ, पेटॉस्की, लीलँड असं करत प्रत्येक किनाऱ्यावरून मूठमूठ गोटे उचललेत आणि सगळे एकाच बादलीत टाकलेत. दगड ओळखणारं अ‍ॅप दिसेल त्याला ‘अगेट’ (आपला अकीक) म्हणतंय. आता हे सगळं ओळखून घ्यायला एखाद्या संस्थेत द्यावं का, असं विचारताय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आत्ता अजिबात देऊ नका.

आज रात्री जेवणं झाली की बादली जुन्या चादरीवर ओता. आईबाबांना सोबत बसवा आणि फोनमधले सहलीचे फोटो उघडा. फोटोंवर तारीख असते, लोकेशन चालू असेल तर जागाही असते. कुठला दगड कुठे उचलला, हे आज निम्मं तरी आठवेल. दिवाळीपर्यंत काही आठवणार नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेगळी पिशवी करा, आत चिठ्ठी घाला, चिठ्ठीवर गाव आणि राज्य दोन्ही लिहा. ग्रँड मरे नावाची दोन गावं आहेत, एक मिशिगनमध्ये, एक मिनेसोटात, आणि दोन्ही लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्याच काठावर! जे आठवत नाहीत त्यांची ‘माहीत नाही’ अशी पिशवी करा. अंदाजाने लिहू नका.

एवढी कळकळ का, तेही सांगते. आम्ही दोघांनी अशाच पिशव्या केल्या होत्या. प्रत्येकीवर किनारा, राज्य, तारीख पक्क्या शाईत, शिवाय वहीत नोंद. काही गोटे मिशिगनच्या ग्रँड मरेचे, काही मिनेसोटाच्या ग्रँड मरेचे, तिथल्या खाजगी किनाऱ्यावर मालकाला विचारून घेतलेले. त्यात गुलाबी-हिरव्या डोळ्यांचे थॉमसोनाइट नावाचे छोटे खनिजखडे होते. अगदी करंगळीच्या नखाएवढे, पण माझा जीव त्यांच्यावर. खात्रीने ओळख व्हावी म्हणून एका संस्थेच्या काउंटरवर दिले. नाव घेत नाही, विचारूही नका. फॉर्मवर ‘सापडल्याचे ठिकाण’ यासाठी एकच ओळ. मी म्हटलं, ठिकाणं अनेक आहेत, पिशव्यांवर लिहिलंय. ‘पिशव्या सोबतच राहतील,’ असं उत्तर मिळालं.

बरेच महिने गेले. मग फोन आला, घेऊन जा. गेले तर पुठ्ठ्याच्या एका खोक्यात सगळे गोटे एकत्र. छान धुतलेले, वाळवलेले! पिशव्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. सोबत एक कागद: ‘ग्रँड मरे, लेक सुपीरियर. अगेट, जास्पर, बेसाल्ट, इतर.’ पिशव्या कुठायत विचारलं, तर नमुने धुताना पिशव्या टाकून देतात म्हणे. ज्यांनी धुतले ते रजेवर. ईमेल केली, तर उत्तरात त्याच एका ओळीच्या फॉर्मची लिंक. मी वही घेऊन पुन्हा गेले, फोटो दाखवले. कोणी वर बघायला तयार नाही. ‘इतर’ म्हणजे माझे थॉमसोनाइट, बरं का. थॉमसोनाइट मिशिगनच्या किवीनॉतही मिळतो, त्यामुळे नुसत्या रूपावरून कुठला कुठला हे मला आता सांगता येत नाही. ठिकाण गेलं की संग्रहाच्या दृष्टीने तो रंगीत खडा उरतो. छंदी लोक अदलाबदलीतसुद्धा घेत नाहीत.

आपल्याकडेही हेच झालंय. दख्खनच्या काळ्या पाषाणातले झिओलाइट, म्हणजे थॉमसोनाइटच्याच कुळातली खनिजं, जगभरच्या संग्रहांत आहेत, पण जुन्या लेबलांवर नाशिक, जळगाव कुठलाही असो, सरसकट ‘पूना’. आता ते कोण निस्तरणार?

कोणीतरी म्हणेलच की किनाऱ्यावरचे गोटे हिमनद्यांनी कुठून कुठे वाहून आणलेत, मग किनाऱ्याचं नाव लिहून काय मिळणार? अर्धं खरं आहे. लाल जास्परचे (अगेटसारखाच, पण उजेड न सोडणारा दगड) खडे असलेला पांढरा पुडिंगस्टोन मिशिगनमध्ये सापडतो, पण त्याचा मूळ खडक ह्युरॉन सरोवराच्या उत्तरेला, कॅनडात. सुपीरियरचे अगेट तर खाली आयोवापर्यंत गेलेत. पण हिमनद्यांचा ओघ साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे होता, म्हणून किनारा कळला की काय मिळू शकतं आणि काय मिळणं कठीण, एवढी चाळणी लागते. अ‍ॅपकडे ती नाही. ते नुसता रंग बघतं.

आता तुमच्या चार दगडांचे फोटो. मी भूगर्भशास्त्र शिकलेली नाही, नुसती हौस आहे, आणि फोटोवरून सांगतेय, तेव्हा हे त्याच बेताने घ्या.

पहिला, लाल पट्ट्यांचा. तो अगेट असू शकतो. अंधारात मोबाइलचा टॉर्च मागे धरा. कडेने उजेड आरपार आला, तुटलेला भाग मेणचट दिसला आणि पट्टे एकात एक बसलेले असले तर अगेट, म्हणजे आपला अकीक. उजेड अडला तर जास्पर किंवा पट्टेदार रायोलाइट, म्हणजे लाव्हाचाच एक खडक. रायोलाइटने भलेभले फसतात. सुपीरियरचा अगेट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत तयार झाला, लाल रंग लोहामुळे. आपल्या दख्खनच्या लाव्हातही अकीक असाच झाला, पण तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे त्या मानाने कालचाच. मिनेसोटाने १९६९ मध्ये या अगेटला राज्यरत्न केलं.

दुसरा, राखाडी. ओला केल्यावर षटकोन दिसतात म्हणालात ना? मग पेटॉस्की स्टोन. ३५ कोटी वर्षांहून जुनं हेक्सागोनारिया प्रवाळ, मिशिगनचा १९६५ पासूनचा राज्यदगड. षटकोनाच्या मध्ये गडद ठिपका आणि तिथून निघणाऱ्या रेघा बघा. घरं बारीक आणि रेघा नसल्या तर त्याला चार्लवॉय स्टोन म्हणतात, ते प्रवाळ वेगळं. दोन्ही चुनखडीचे, मऊ, चाकूने सहज ओरखडा जातो. म्हणून पॉलिशच्या फिरत्या यंत्रात अगेटसोबत मुळीच टाकू नका, अगेट त्यांचं पीठ करेल. पॉलिश पेपर पाण्याखाली धरून हाताने घासा: २२०, मग ४००, मग ६००. बाबांना बसल्या जागी उत्तम उद्योग आहे. चुनखडी आहे का बघायला व्हिनेगरचा थेंब टाकलात, तर तो पॉलिश केलेल्या बाजूवर मात्र नको, डाग पडतो.

तिसरा, बुडबुड्यांचा निळा. हा लीलँडला मिळाला असणार, आणि हा मुळात दगडच नाही. १८७० च्या सुमारास तिथे लोखंडाची भट्टी होती, तिची काचेसारखी मळी मिशिगन सरोवरात टाकत. तीच घासून घासून ‘लीलँड ब्लू’ झाली. दिसते सुरेख, लोक अंगठ्या करतात. ‘ब्लू अगेट’ म्हणून कोणी विकायला आला तर हसून पुढे जा.

परवानगीचं तुम्ही विचारलेलंच नाही, पण मला राहवत नाही. मिशिगनच्या सरकारी जमिनीवरून हौशी माणसाला वर्षाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो गोळा करता येतात. ही मर्यादा माणशी आहे. पिक्चर्ड रॉक्स, स्लीपिंग बेअर ड्यून्स, आयल रॉयल ही केंद्राची ठिकाणं, तिथून एक खडाही उचलायचा नाही. मिनेसोटाच्या स्टेट पार्कांतही बंदी. २०१५ मध्ये नॉर्थपोर्टजवळ एकाने ९३ पौंडांचा पेटॉस्की स्टोन बाहेर काढला होता, तो राज्याने जप्त केला. गोची अशी की मिशिगनच्या ग्रँड मरेला गावाच्या किनाऱ्यावर चालत राहिलात की पिक्चर्ड रॉक्सची हद्द लागते. तुमच्या त्या दिवसाच्या फोटोंची लोकेशन्स नकाशावर टाकून बघा. हद्दीतले निघाले तर तिथल्या रेंजर ऑफिसला फोन करून काय करायचं ते विचारा. गुपचूप दुसऱ्या किनाऱ्यावर ओतू नका, पुढच्या माणसाची दिशाभूल होते. मी वकील नाही, नियम बदलतात, जाण्याआधी त्या त्या ठिकाणाचा नियम वाचाच.

पुढच्या वेळी किवीनॉला गेलात तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील उजेडाचा) टॉर्च न्या. बाजारातले स्वस्त ३९५ वाले नकोत, त्यांचा जांभळा उजेडच डोळ्यांवर येतो. रात्री किनाऱ्यावर मारला की सोडालाइट नावाचं खनिज असलेले साधे करडे गोटे निखाऱ्यासारखे केशरी पेटतात. यूपरलाइट म्हणतात त्यांना, हे २०१७ पासून गाजायला लागले. लाटेकडे पाठ करून उभं राहू नका, सुपीरियरचं पाणी ऑगस्टमध्येही हाडं गोठवतं.

संस्थेपेक्षा एखाद्या हौशी मंडळाच्या बैठकीत जा. दगड तुमच्या हातातच राहतात, समोरचा भिंगातून बघतो आणि दोन मिनिटांत सांगतो. द्यावेच लागले तर एका ठिकाणचेच द्या, दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक नंबर घाला आणि वही स्वतःकडे ठेवा.

चौथ्या हिरव्या दगडाबद्दल आत्ता काही बोलत नाही. अ‍ॅपने आधी अगेट म्हटलं, मग ‘ग्रीनस्टोन’ (तिकडचं हिरवं रत्न), पण तिकडचे बहुतेक हिरवे गोटे एपिडोट हे हिरवं खनिज असलेला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, निघतात. खऱ्या ग्रीनस्टोनवर कासवाच्या पाठीसारखी नक्षी असते. तो ओला करून, सावलीत, शेजारी नाणं ठेवून पुन्हा फोटो टाका. आणि किवीनॉत उचलला की पेटॉस्कीला, ते आईंना विचारा, कारण फोटोत तो त्यांच्याच हातात दिसतोय.