मालिका लांबते कशी, आणि तरी सुटत का नाही : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून मालिकांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

‘आई कुठे काय करते’ संपली तरी आमच्या घरी तिचा विषय निघतोच. सासूबाई म्हणतात, अशी मालिका पुन्हा होणार नाही. मी म्हणते, ती अर्ध्यात संपवायला हवी होती. कुणाचं बरोबर? (खानापूर)

दोघींचंही. तुम्ही एकाच मालिकेच्या दोन वेगळ्या काळांबद्दल बोलताय.

स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ कथा बंगाली ‘श्रीमोयी’ची, त्याच कथेवर हिंदीत ‘अनुपमा’ झाली. पंचवीस वर्षं घरासाठी राबलेल्या बाईला स्वतःचं म्हणून काही आहे का, एवढाच तिचा प्रश्न. तो प्रश्न घराघरातला होता. इथे दुधात विष कालवणारी जाऊ नव्हती. नवरा, सासू, मुलं, सगळी नायिकेला, अरुंधतीला गृहीत धरत होती, आणि त्यातला एकेक अपमान इतका लहान की तो सांगायला गेलं तर तक्रार वाटावी. अरुंधती करणाऱ्या मधुराणी प्रभुलकर यांनी हे बहुतेक वेळा काम करता करताच दाखवलं. समोरचा बोलतोय, ती ऐकतेय, आणि हात ओट्यावर चालूच आहेत. हात थांबले की समजायचं, शब्द लागला. ज्या घरात संध्याकाळी साडेसातला टीव्ही आणि भाकऱ्या बरोबरच चालू असतात तिथे हे न सांगता कळतं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे म्हातारी माणसं. सासरे अप्पा सुनेच्या बाजूचे आणि सासू कांचन मुलाच्या बाजूची. त्यामुळे कुठलीही घटना घडली की घरात दोन मतं तयार असायची. बघणाऱ्या घरातही तशीच दोन मतं पडतात आणि जेवताना त्यावर बोलणं होतं. लांब चालणाऱ्या मालिकेचं खरं बळ तेच. उद्या काय होणार यापेक्षा ‘ती चुकली की तो?’ हा वाद माणसांना जास्त दिवस धरून ठेवतो.

आता तुमची बाजू. २०२१ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. गाणं, नोकरी, वेगळं राहणं यासाठी पुढे वर्षभर देता आलं असतं. पण सासरच्या ‘समृद्धी’ बंगल्याचा सेट उभा होता, सगळे कलाकार होते आणि प्रेक्षकांना त्या दिवाणखान्याची सवय झाली होती. मग घटस्फोट घेतलेली बाई प्रत्येक अडचणीला त्याच घरात परत येऊ लागली. आशुतोषशी लग्न झालं, पुढे त्याचाही मृत्यू दाखवला, आणि नायिका होती तिथेच आली. आमच्या मते मालिकेची खरी हानी इथे झाली. मार्च २०२४ मध्ये वेळ बदलून दुपारी अडीचची केली, तेव्हा नोकरीवर जाणाऱ्या बायका तुटल्या आणि दुपारी घरी असणारी ज्येष्ठ मंडळी राहिली. तुमच्या दोघींच्या मतांतला फरक कदाचित इथूनही आला असेल.

आम्ही झी मराठीवर ‘तुला पाहते रे’ पाहिली आणि शेजारच्या काकूंबरोबर झी कन्नडवर ‘जोते जोतेयलि’. गोष्ट तीच, मग कानडी इतकी लांब का? (शहापूर, बेळगाव)

तुमच्याकडे दोन्ही भाषा एकाच रिमोटवर आहेत, त्यामुळे ही तुलना तुम्हीच नीट करू शकता. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ती सहज मिळत नाही.

मराठी मालिका ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ चालली, म्हणजे वर्षही भरलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली कानडी मालिका मे २०२३ पर्यंत, पावणेचार वर्षांच्या आसपास चालली. नायक विक्रांत सरंजामे तिथे आर्यवर्धन झाला आणि नायिका ईशा निमकर झाली अनु.

आता गोष्टीची घडण बघा. वयाने बराच मोठा श्रीमंत नायक, चाळीतली मुलगी, लग्न. मग कळतं की या माणसाचा भूतकाळ काळा आहे आणि ही मुलगी म्हणजे त्याच्या आधीच्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म. ही रहस्यकथा आहे. रहस्यकथेत एकदा पडदा उघडला की पुढे फक्त हिशेब चुकता करायचा उरतो, आणि त्याला दोन-तीन महिने पुष्कळ. मराठीत ही मर्यादा पाळली, म्हणून सुबोध भावे यांचा नायक प्रेमळ ते क्रूर असा वळला तरी धक्का टिकला. उलट बाजूही सांगायला हवी. शेवटच्या टप्प्यात मराठी मालिका घाईची वाटली, कारण पूर्वार्धात प्रेमप्रकरणावर वेळ जास्त गेला होता.

कानडीत वेग निवांत ठेवला आणि अनुच्या माहेरचं घर जास्त भरलं. आई, वडील, शेजारपाजार यांना स्वतःचे प्रसंग मिळाले. तिथल्या प्रेक्षकांना तेच आवडलं. पण रहस्य जितकं लांबवाल तितकं नायिकेला ते न कळण्यासाठी भाबडं ठेवावं लागतं, आणि तीन वर्षं भाबडी राहिलेली मुलगी हळूहळू पटेनाशी होते. त्यात २०२२ मध्ये आर्यवर्धन करणारे अनिरुद्ध मालिकेबाहेर गेले. लांब मालिकेला हा धोका कायमच असतो.

गोष्टींची ये-जा दोन्ही दिशांनी चालते. झी मराठीची ‘लक्ष्मी निवास’ ही डिसेंबर २०२४ मध्ये कानडीवरूनच आली. दोन्ही लागत असतील तर एक आठवडाभर एकच प्रसंग दोन्हीकडे बघा आणि कोणत्या पात्राला किती वेळ दिलाय तेवढंच मोजा.

लेखकांना पुढची गोष्ट माहीत असते का? पाणी घालतात ते नेमकं कसं? आणि मधेच कलाकार बदलला तर चालतं का? (निपाणी)

पहिल्या तीन ते सहा महिन्यांची साधारण माहीत असते. पुढचं दर आठवड्याच्या टीआरपीच्या आकड्यांवर ठरतं.

गणित असं आहे. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेहून जास्त. अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं उरतात. म्हणजे वर्षाला एकशे दहा तास. अडीच तासांची चव्वेचाळीस नाटकं होतात इतका हा मजकूर. कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, मग वाहिनीची मंजुरी, मग संवाद, आणि संवाद कित्येकदा चित्रीकरणाच्या सकाळी सेटवर पोचतात. तयार भागांचा साठा असतो, त्याला ‘बँक’ म्हणतात. सण, आजारपण, पाऊस यात बँक संपली की आज शूट केलेलं उद्या-परवा दाखवावं लागतं. बेतलेली गोष्ट तेव्हाच मोडते, कारण जो कलाकार त्या दिवशी हजर असेल त्याच्यावर प्रसंग लिहिला जातो. एखादं पात्र अचानक ‘गावी’ गेलं की ते काम बहुतेक कलाकाराच्या न जुळलेल्या तारखांनी केलेलं असतं.

पाणी घालण्याची नेहमीची रीत म्हणजे एक बातमी सहा जणांना सहा वेगळ्या प्रसंगांत सांगणं. हॉलमध्ये सगळ्यांना एकदम सांगितली तर तीन मिनिटं, एकेकाला गाठून सांगितली तर दोन भाग. मोठं वाक्य झालं की तिघांचे चेहरे, मग पुन्हा पहिल्याचा. ‘पुढील भागात’ म्हणून दाखवलेलं पुढच्या भागाच्या शेवटी, नाहीतर परवा.

याहून न सुटणारी अडचण घड्याळाची आहे. मालिकेत दोन काळ एकदम चालतात. गणपती, दिवाळी, संक्रांत खऱ्या पंचांगाप्रमाणे येतात, पण गोष्टीतला एक दिवस आठवडाभर पुरवतात. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीचं गरोदरपण संपता संपेना, त्याचं कारण हेच. सण पुढे सरकत राहिले आणि पोट तिथेच. बाळंतपण, शिक्षा, परीक्षा, जिथे महिने मोजता येतात असा कुठलाही विषय मालिकेला झेपत नाही.

कलाकार बदलण्याबद्दल तुम्ही विचारलंय. ‘माझ्या नवऱ्याची बायको’त शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील अशी झाली, तरी मालिका २०२१ पर्यंत चालली. खलनायिका बदललेली चालते, कारण तिचं काम ठरलेलं असतं. नायिका राधिका बदलली असती तर अवघड होतं.

केबलचं कानडी पॅक आहे. आईला दोनच मराठी वाहिन्या हव्यात. केबलवाला म्हणतो, मोठं पॅक घ्या. (चिक्कोडी)

मोठं पॅक घ्यायची सक्ती नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (केबल-दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांप्रमाणे पैसे पडणारी प्रत्येक वाहिनी सुटी मिळाली पाहिजे. आधी बॉक्सच्या रिमोटवर त्या वाहिनीच्या क्रमांकावर जाऊन माहितीचं बटण दाबा, महिन्याची किंमत दिसते. दोन वाहिन्यांची किंमत जोडा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि त्याच कंपनीच्या लहान मराठी गटाशी (पॅकशी) ताडून बघा. कधीकधी गट स्वस्त पडतो. मग व्हीसी क्रमांक (तुमच्या बॉक्समधल्या कार्डाचा क्रमांक) सांगून त्या वाहिन्या ‘सुट्या’ म्हणून चालू करायला सांगा. एक चूक हमखास होते : नवीन वाहिन्या चालू होतात, पण जुन्या पॅकमधल्या नको असलेल्या तशाच राहतात. त्या काढायलाही त्याच वेळी सांगा आणि पुढच्या रिचार्जला यादी पुन्हा तपासा. स्थानिक माणूस ऐकत नसेल तर त्याच्यावरच्या कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करा. सह्याद्रीला वेगळे पैसे पडत नाहीत.

आम्ही बघतो ते टीआरपीत धरतात का? (अनगोळ, बेळगाव)

मराठी मालिकांच्या यादीत नाही, आणि सीमाभागातल्या प्रेक्षकाने हे समजून घ्यायला हवं. ‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवते. मीटर आवाजातली न ऐकू येणारी खूण ओळखून वाहिनी नोंदवतो, आणि घरातला प्रत्येकजण बघायला बसताना आपलं बटण दाबतो. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून आकडे गुरुवारी येतात. मराठी कार्यक्रमांच्या यादीची बाजारपेठ ‘महाराष्ट्र-गोवा’ आहे. बेळगावातलं मीटरचं घर कर्नाटकात मोजलं जातं. म्हणजे टिळकवाडीतली शंभर घरं रोज साडेसातला मराठी वाहिनी लावत असली तरी मराठीतला पहिला नंबर ठरवताना त्यांचा भार शून्य.

याचा परिणाम गोष्टींवर होतो. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित झाली आणि तिची बोली निपाणी-संकेश्वरला आपली वाटली. पण ज्या घरात आजी मराठीत रागावते, मुलं शाळेचं कानडीत बोलतात आणि दुकानात दोन्ही चालतं, ते घर मराठी मालिकांच्या केंद्रस्थानी येत नाही. आकड्यात नसलेल्या माणसासाठी कुणी कथा मागवत नाही. हे बदलायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. तोवर ॲपवरचं बघणं हा एक मार्ग आहे, कारण तिथली मोजणी राज्याच्या हद्दीवर अडत नाही.

‘रंग माझा वेगळा’ सावळ्या मुलीची गोष्ट होती, पण नटी मेकअपने सावळी केलेली. माझ्या मुलीने विचारलं, खरी सावळी मुलगी मिळाली नाही का? अशी तक्रार कुठे करायची? (संकेश्वर)

मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. २०१९ ते २०२३ चाललेली ही मालिका मल्याळम ‘करुत्तमुत्तु’वर बेतलेली. रेश्मा शिंदे यांचं काम चांगलं होतं, पण रंगामुळे नाकारल्या जाणाऱ्या मुलीच्या भूमिकेसाठी उजळ रंगाच्या मुलीला रंग लावायचा, यात मालिकेचा मुद्दाच तिच्याविरुद्ध जातो. आमच्या मते ही तिची सर्वांत मोठी उणीव.

मात्र कलाकार निवडीवर कायद्याने दाद मिळणं कठीण. त्यासाठी वाहिनीला सरळ पत्र लिहा. मारहाणीचं उदात्तीकरण, जातीवरून वा शरीरावरून हिणवणं असे प्रसंग असतील तर रीतसर तक्रार करा. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि प्रसंग चार ओळींत लिहून वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर पुढे वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. तारीख नसली की तक्रार बाजूला पडते, म्हणून ती त्याच दिवशी लिहून ठेवा.

बाळंतपणात तीन महिन्यांचे भाग चुकले. सगळे बघायला वेळ नाही. (खडेबाजार, बेळगाव)

तीन महिने म्हणजे सुमारे ७८ भाग. त्यातले फक्त शनिवारचे तेरा बघा, पावणेपाच तासांत होतं. आठवड्याची मोठी घटना शनिवारी ठेवतात, म्हणजे प्रेक्षक सोमवारी परततो. रविवारी एक तासाचा महाएपिसोड झाला असेल तर तो सोडू नका, लग्न, उलगडा, मृत्यू बहुतेक तिथेच उरकतात. ॲपवर सुरुवातीची ‘मागील भागात’ची मिनिटं पुढे ढकला. एखादं नवं पात्र कळलं नाही तर ते पहिल्यांदा आलेला भाग शोधून तेवढाच बघा.

वडिलांना संवाद ऐकू येत नाहीत, संगीत मात्र कानठळ्या बसवतं. (हुक्केरी)

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘सराउंड’ बंद करा, बास कमी करा आणि ‘स्पीच’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर ते निवडा. जाहिरातीला आवाज उसळत असेल तर ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू ठेवा. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून असतात, त्यामुळे एवढ्यानेही भागलं नाही तर एक लहान स्पीकर वायरने जोडून वडिलांच्या खुर्चीपाशी ठेवा. ब्लूटूथने जोडलात तर ओठ आणि आवाज पुढेमागे होण्याची शक्यता असते.