सहावीची भूमिती: नव्या ताईंसाठी

ताई, पहिल्याच तासाला व्याख्या फळ्यावर उतरवून देऊ नका. बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्या तशीही करत नाहीत. ते गृहीत धरूनच पुढचं सारं उभं राहते. पोरांना सरळ धुऱ्यावर न्या. दोन खुंट्या, मधात ताणलेली दोरी: हा रेषाखंड, दोन्ही टोकं पक्की. एक टोक पक्कं, दुसरीकडे अंतच नाही, तो किरण. रेषेला टोकच नाही.

खरा घोळ लिहिताना होते. रेषा कख आणि रेषा खक एकच. पण किरण कख आणि किरण खक वेगळे, कारण आरंभबिंदू बदलला. यावर दोन तास गेले तरी जाऊ द्या, अभ्यासक्रम कुठं पळून जात नाही.

भुजा वाढवल्या की कोनही वाढला, असं अर्धा वर्ग म्हणेल. वाद घालू नका; भुजा वाढवायला लावा, कोनमापक पुन्हा ठेवायला लावा. लघुकोन, विशालकोन पटकन उरकतात.

काटकोनासाठी गावातल्या मिस्त्रीलाच बोलवा. पाया आखताना तो एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फुटांवर खूण करते. तिरपं माप 5 फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात. पायथागोरसचं नाव मात्र आत्ताच काढू नका.