मॅस्क्युलिनिटीला मराठीत काय म्हणायचं?

एम.ए. इंग्लिशला आफ्रिकन लेखिकांचा पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय की वर्गात मराठीतून समजावताना मॅस्क्युलिनिटीला पुरुषत्व म्हणू, पौरुष म्हणू की मर्दानगी? मी म्हणेन पुरुषपण, आणि कारण त्या कादंबऱ्यांतच सापडतं.

नायजेरियन लेखिका बुची एमेचेटाची 'द जॉईज ऑफ मदरहूड' (१९७९) ही कादंबरी घ्या. तिची नायिका न्नू इगो इबुझा गावातून लागोस शहरात नांदायला येते, नवरा न्नाइफे गोऱ्या साहेबाकडे धोबीकाम करतो, मेमसाहेबाचे आतले कपडेपण धुतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, हिला मात्र लाजेने मेल्यासारखं होतं कारण हिचा बाप गावातला नावाजलेला शिकारी, हत्ती मारणारा. इथे पुरुषत्व लिहिलंत की घोळ झालाच, कारण मराठीत त्या शब्दाचा अर्थ 'गुप्तरोग' छाप जाहिरातींनी ठरवून टाकलाय, आणि त्या अर्थाने न्नाइफेत काहीच उणं नाही! पहिल्या नवऱ्याकडे जिला मूल झालं नाही तिला याच्याकडून दिवस राहतात, पुढे घर पोरांनी भरतं. उणं पडलंय ते पुरुषपण, म्हणजे बाप्याने कोणतं काम करावं, कुणाची चाकरी करू नये हे गावाचं माप, आणि ते माप इंग्रजांच्या राज्यातल्या पगारी नोकरीत मोडलंय. तो भाग वर्गात अगदी सावकाश वाचून घ्या, न्नाइफेची दया येते की राग ते पोरांना बोलू द्या.

पौरुष आणि मर्दानगी हे दोन्ही कौतुकाचे शब्द. चिमामांडा अदिची या नायजेरियन लेखिकेच्या 'पर्पल हिबिस्कस' कादंबरीतला (२००३) बाप युजीन बाहेर दानशूर, लष्करी सरकारविरुद्ध पेपर चालवणारा, घरात मात्र पोरीच्या पायांवर उकळतं पाणी ओततो. त्याला पौरुष म्हणवत नाही. नुसतं पुरुषी म्हटलं तर आधीच निकाल दिल्यासारखं होतं, आपल्याकडे पुरुषीच्या मागे अहंकार आलाच. पुरुषपण कुणाची बाजू घेत नाही आणि बाईपण, मोठेपण यांच्या शेजारी नीट बसतं.

हो, मॅस्क्युलिनिटीज असं अनेकवचन आलं तर 'पुरुषपणाच्या तऱ्हा' म्हणा. त्याच कादंबरीत गावातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळणारे फादर अमाडी आहेत, ते आणि युजीन दोघेही पक्के कॅथलिक, पण तऱ्हा अगदी वेगळ्या, परीक्षेला हा प्रश्न नक्की काढा.