ठिपका दिसला म्हणून लगेच पंप उचलू नका

सांखळीहून प्रश्न: माझ्या सरद (पावसाळी) भातावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके आहेत. बांधापलीकडच्या वाणावर मात्र दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी असे मोठे डाग आहेत. दोन्ही करपाच का? फवारू का?

पलीकडे करपा, म्हणजे भाताचा बुरशीजन्य रोगच आहे. तुमच्याकडेही तोच आला असावा, पण भाताने त्याला जागीच अडवलेले दिसते. करप्याचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो आणि एक घुमटाकार फुगा तयार करतो. त्यातला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या चाळीसपट असतो, त्या जोरावर तो पानात घुसतो. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. भाताच्या पेशींवरची प्रथिने त्याचे तुकडे ओळखतात. मग पेशीभित्ती जाड होते, कायटिन तोडणारी विकरे सुटतात. बुरशीही गप्प बसत नाही, आपली प्रथिने पेशीत सोडून हा बंदोबस्त मोडते. पण वाणात योग्य प्रतिकारक जनुक असेल तर तीच प्रथिने पकडली जातात आणि लागण झालेली पेशी आपणहून मरते. सुरुवातीला करप्याला जिवंत पेशीच हवी असते, म्हणून तो तिथेच अडकतो. तुमचा ठिपका बहुधा ही मेलेली जागा आहे. तूर्त फवारू नका. ठिपके वाढून राखाडी झाले, किंवा लोंबीची मान काळी पडू लागली, तर पान घेऊन विभागीय कृषी कार्यालयात या.

वाळपईहून प्रश्न: करपा न येणारा म्हणून घेतलेल्या वाणावर आता करपा का येतो?

दरवेळी बियाण्याला दोष देऊ नका. बुरशीने ओळख पटवणारे प्रथिन बदलले किंवा टाकून दिले की ते जनुक निरुपयोगी ठरते. जनुकास जनुक, म्हणजे वाणाच्या एका जनुकासमोर बुरशीचे एक जनुक, हा हिशेब वनस्पतिरोगशास्त्रज्ञ फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर मांडला. म्हणून सगळ्या वाड्याने एकच वाण लावू नये. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, जादा नत्राने करपा बळावतो. भाताच्या तुसाची राख शेतात घाला. तिच्यातल्या सिलिकाने पान कणखर होते. फुकट मिळणारी ही वस्तू आपण उगाच उकिरड्यावर टाकतो.

फोंड्याहून प्रश्न: कुळागरात (सुपारीच्या बागेत) फळे कुजवणाऱ्या कोळेरोगाला हेच लागू का?

नाही. कोळेरोगाचा फायटोफ्थोरा खरी बुरशी नव्हे, त्याची भित्तिका कायटिनची नसून मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. तिथे एक टक्का बोर्डो मिश्रणच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी 40–45 दिवसांनी उघडीप बघून. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा, तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.