तीन वर्षांच्या मुलीला आधी पेपा पिग हे कार्टून दाखवावं की ब्लूई, आणि यूट्यूबवर की टीव्हीवर?

आधी पेपा. भाग पाच मिनिटांचा, चित्रं सपाट आणि मोजकी, शिवाय निवेदक काय चाललंय ते सांगत राहतो, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी गोष्ट हातातून सुटत नाही. ब्लूईचा भाग साधारण सात मिनिटांचा. त्यात निवेदक नाही, भावना चेहऱ्यावरून ओळखाव्या लागतात आणि काही विनोद थेट आईबाबांसाठी असतात. मूल चार वर्षांचं झालं की ब्लूई खरी खुलते, आणि तेव्हा मात्र अजिबात चुकवू नका, फार सुंदर मालिका आहे.

खरी अडचण यूट्यूबवर येते. तिथे अनेक भाग एकत्र जोडलेले तासभराचे व्हिडिओ असतात, म्हणजे थांबायची जागाच नाही. २०१७ मध्ये पेपाच्या नकली, भीतीदायक व्हिडिओंवरून मोठा गदारोळ झाला होता. म्हणून यूट्यूब किड्समध्ये फक्त तुम्ही निवडलेलंच दिसेल असा पर्याय लावा, ऑटोप्ले बंद करा, कुलपाच्या चिन्हातून टायमर लावा. टीव्हीवर किंवा ओटीटीवर एकेक भाग मोजून दाखवता येतो, तेच बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच.